बाळंतिणीच्या खोलीतल्या रीती

बाळ-बाळंतीण बघायला रिकाम्या हाताने जायचे नाही, ही मराठी घरांतली जुनी रीत. डिंकाचे किंवा अळिवाचे लाडू आईसाठी, वापरून मऊ झालेल्या सुती लुगड्याची दुपटी बाळासाठी. आल्यावर आधी हातपाय धुवायचे, बाळाचा मुका घ्यायचा नाही, आईचा डोळा लागला असेल तर आल्या पावली परतायचे. आज प्रसूतिगृहात खाटेभोवती गर्दी होते, बाळ या हातातून त्या हातात फिरते आणि फोटोंसाठी त्याची झोप मोडते, तेव्हा ही शिस्त प्रकर्षाने आठवते.

दहा दिवसांच्या सोयरामागे विटाळाची कल्पना होती. कोंदट, अंधाऱ्या खोलीत एकटे पडण्याचा त्रास बायकांनी पिढ्यानपिढ्या सोसला. त्याचे समर्थन होऊच शकत नाही. पण त्याच दिवसांत आईला चुलीपासून सुटका मिळे आणि परक्या माणसांचा संसर्ग बाळापासून दूर राही. एवढा भाग आजही राखायला हवा.

बाकीच्या रीती पारखूनच घ्याव्यात. पहिला चीक पिळून टाकणे म्हणजे बाळाच्या वाट्याची प्रतिकारशक्तीच टाकणे. मधाचे बोट, सहाणेवर उगाळलेली गुटी, डोळ्यांतले काजळ, ओवा-वावडिंगाची धुरी हे सारे थांबायला हवे. पहिले सहा महिने आईचे दूध पुरते. पाणीसुद्धा लागत नाही. पहिली आंघोळही शक्यतो चोवीस तासांनंतरच घालावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

साध्या काळजीत किती बळ असते, ते गडचिरोलीत दिसले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच, जेमतेम शाळा शिकलेल्या बायका आरोग्यदूत झाल्या. त्या बाळाचे वजन करत, अंग गार पडले का पाहत, उबदार पिशवी देत, आईला पाजायला शिकवत. जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले.

मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी उभारली. कमी दिवसांच्या बाळांना त्यातून दुसऱ्या आयांचे दूध मिळू लागले. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ पासून अशा बाळांना आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब देऊ लागले; ही ‘कांगारू’ पद्धत आता आपल्याही रुग्णालयांत रुळली आहे.

गडचिरोलीचा धडा पुढे देशभर गेला. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे ‘आशा’ ताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. बाळ ओढून पीत नसेल, मलूल किंवा गार लागत असेल, तर तिच्या पुढच्या फेरीची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठायचा. आणि बघायला येणाऱ्या पाहुण्यांनी हात धुवावेत, लाडवांचा डबा ठेवावा, जमल्यास ओट्यावरची भांडी घासावीत आणि आईला झोपू द्यावे.