चार हजार हर्ट्झचा खड्डा

सकाळी ८.३०
दवाखाना उघडला की पहिलं काम मशीनचं. ऑडिओमीटरचा हेडफोन आधी माझ्या कानाला लावते आणि एकेक सूर ऐकते. तार खरखरत नाही ना, दोन्ही बाजूंनी सारखा आवाज येतो ना, हे रस्त्यावर धानाचे ट्रॅक्टर सुरू होण्याआधी बघून घ्यावं लागतं.

ब्रह्मपुरीत दवाखाने पुष्कळ. वैनगंगेपलीकडून, वडसा-आरमोरीकडून पेशंट इथे येतात आणि पलीकडे वर्दीतली माणसं फार. १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा झाला, १९९० मध्ये तिथल्या पोलिसांचं नक्षलविरोधी सी-६० पथक उभं राहिलं. वडशाजवळ विसोऱ्याला राज्य राखीव दलाचा गट आहे, शिवाय केंद्रीय राखीव दलाच्या बटालियन. म्हणून माझ्या बाकावर राइस मिलचा हमाल आणि रायफल चालवणारा जवान शेजारी शेजारी बसतात.

९.३०
पहिला पेशंट कालचाच. फायरिंगचा सराव संपवून तो काल थेट इथे आला होता. मी त्याला तपासलं नाही, परत पाठवलं. मोठ्या आवाजानंतर कान काही तास बधिर होतो आणि त्यातला बराच बधिरपणा आपोआप उतरतो. निदान चौदा तास शांततेत गेल्याशिवाय खरा आकडा मिळत नाही.

कानात मळ नाही, पडदा शाबूत. त्याला खोलीत बसवलं, हातात बटण दिलं. आधी १००० हर्ट्झ, मग २०००. दोन्ही ठीक. ४००० ला लागले आणि बटण दाबलंच जाईना. आवाज चढवत नेला तेव्हा उजव्या कानाला ४५ डेसिबलवर ऐकू आलं, डाव्याला थेट ६० वर. ८००० ला आलेख पुन्हा वर आला. मध्येच पडलेला हा खड्डा मी कागद न वाचताही ओळखते. उजव्या हाताने गोळी चालवणाऱ्याचा उजवा कान डोक्याच्या आडोशाला असतो, डावा नळीच्या बाजूला उघडा राहतो. म्हणून डावा आधी जातो.

"त्रास काय होतो?" मी विचारलं.

"बोललेलं आयकू येते जी. पन रातकिडे नाई आयकू येत."

घरात बसलेल्या माणसाला त्याने फरक पडला नसता. पण रातकिड्यांची किरकिर याच पट्टीत, चार-पाच हजार हर्ट्झच्या आसपास असते, आणि जंगलात ती एखाद्या बाजूला अचानक थांबली की तिकडे कुणीतरी हललंय, हे गस्तीवरच्या माणसाला कळतं. वाळल्या सागाच्या पानावर पडलेलं पाऊल, वायरलेसवर 'सहा' म्हटलंय की 'दहा', हेही वरच्या सुरांवरच ठरतं. या नोकरीला जे ऐकणं सगळ्यात जास्त लागतं, नोकरी नेमकं तेच आधी खाते.

त्याला चित्र काढून दाखवलं. कानाच्या आतल्या शंखात सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. वाऱ्याने लोळलेला धान एकदोनदा उभा राहतो, पुन्हा पुन्हा लोळला तर नाही. या पेशींचंही तसंच, आणि इथे नवी पेरणी नाही. मेलेली पेशी परत येत नाही.

रायफलीचा आवाज चालवणाऱ्याच्या कानापाशी १५० डेसिबलच्या वर जातो. अशा क्षणिक स्फोटक आवाजाची मर्यादा १४० धरतात. म्हणजे एकेक राउंड मर्यादेबाहेरचा, आणि सरावाच्या दिवशी आपल्या गोळ्यांसोबत बाजूच्या रांगेतल्यांच्याही गोळ्या कानावर येतात.

"कानात काय घालता?"

"कापूस."

कापसाने फारसं काही अडत नाही. फोमचं बुच बारीक वळायचं, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढायचा, बुच आत सरकवून अर्धं मिनिट बोटाने धरून ठेवायचं. त्याच्याकडून तिसऱ्यांदा बरोबर झालं. सरावात त्यावर इअरमफही घाला म्हटलं.

गस्तीवर बुच घालत नाहीत याबद्दल मी जवानांना कधीच बोलत नाही. जो कान बंद करून जंगलात जाईल त्याचा जीव जाईल. हलका आवाज आत सोडणारी आणि स्फोटाचा आवाज अडवणारी बुचं निघालीत, पण नाव वाचून विश्वास ठेवावा असा हा माल नाही. अमेरिकन सैनिकांनी अशाच बुचांवरून थ्रीएम कंपनीवर लाखोंच्या संख्येने दावे लावले आणि २०२३ मध्ये कंपनीने सुमारे सहा अब्ज डॉलरची तडजोड मान्य केली. मात्र फायरिंगच्या मैदानावर शत्रू नसतो, चाहूल घ्यायची नसते, वेळ आधीच ठरलेली असते. तिथे गेलेला कान मला पटत नाही. चकमकीत गेलेल्याचं दुःख वेगळं.

१२.००
राइस मिलचा कामगार. आलेख तसाच, फक्त उतार संथ. याच्यासाठी निदान कायदा आहे: आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आणि आवाजाने आलेला बहिरेपणा कारखान्यांना लागू कायद्याच्या रोगांच्या यादीत. फायरिंगचं मैदान कारखाना नव्हे.

२.३०
निवृत्त जवान, सोबत बायको. भूसुरुंगाच्या स्फोटात पडदा फाटला होता, तो पुढे भरला. कानातली शिट्टी मात्र रात्रंदिवस चालू. "मी बोलतो तं हे निसते हो-हो करतात," बाई म्हणाल्या. त्यांना दिव्यांग प्रमाणपत्र हवं होतं. २०१६ च्या कायद्यात बोलण्याच्या पट्टीतलं, दोन्ही कानांचं नुकसान ६० डेसिबल लागतं. यांचे खालचे सूर चांगले आहेत, म्हणून सरासरी तिथवर पोचत नाही. नातवाचं बोलणं कळत नाही, झाडीपट्टीच्या नाटकात पुढे बसूनही संवाद निसटतात, आणि कागदावर हा माणूस जवळजवळ धडधाकट. हे गणित मला अन्यायाचं वाटतं आणि मी तसं त्यांच्यासमोर म्हणाले. कानाची मशीन लावून दाखवली. बायकोचं वाक्य पहिल्यांदाच पूर्ण कळलं तेव्हा ते तिच्याकडे वळून म्हणाले, "हळू बोल."

५.३०
सकाळच्या जवानासाठी चिठ्ठी लिहिली, त्याच्या अधिकाऱ्यांना देण्यासाठी. भरतीच्या वेळी प्रत्येकाचा पहिला आलेख काढून ठेवावा, दरवर्षी त्याच्याशी ताडून बघावं. पहिलाच आलेख नसेल तर नुकसान नोकरीतलं की आधीचं, हे पेन्शनच्या वेळी कुणालाच सिद्ध करता येत नाही. खड्डा दिसला की काही महिने त्या जवानाला फायरिंगच्या रांगेपासून लांब ठेवावं. शिकवणाऱ्या उस्तादाचा कान सगळ्यात आधी तपासावा, कारण जवान मैदानातून परत जातो, उस्ताद दर तुकडीसोबत तिथेच उभा असतो.

वडशाची गाडी सुटायच्या आधी तो चिठ्ठी न्यायला आला. वाचून घडी घातली आणि म्हणाला, "मॅडम, बुचं एक डबा द्या जी. आमच्या उस्तादाले माह्यापेक्षा कमी आयकू येते."