जिन्याखालची सायकल

पुण्यासारख्या शहरातील जुन्या वाड्यांत जिन्याखाली किंवा माळ्यावर कधीकधी एखादी काळी सायकल उभी केलेली आढळते. तिच्या चाकांत हवा नसते, घंटी वाजत नाही आणि मडगार्डावर धुळीचा जाड थर साचलेला असतो. घरातील कोणी वडीलधारे माणूस याच सायकलीवरून वर्षानुवर्षे कचेरीत गेलेले असते. ती भंगारवाल्याच्या काट्यावर चढली, की सुमारे 20 किलो लोखंड एवढेच तिचे मोल उरते. उलट ती पुन्हा चालती करावयाची असेल, तर थोडी हत्यारे, पुष्कळ चिंध्या आणि त्याहून अधिक धीर हवा.

काम सुरू करण्यापूर्वी सायकल नीट पाहावी. हँडलखालच्या नळीवर कारखान्याची छोटी पत्र्याची किंवा पितळी मुद्रा असते. एके काळी आपल्याकडील पुष्कळ सायकली इंग्लंडमधून येत. रॅले नॉटिंगहॅमची, हर्क्युलीस बर्मिंगहॅमची. पुढे 1949 साली मद्रासला टी. आय. सायकल्स आणि 1951 साली सोनीपतला अ‍ॅटलस हे कारखाने निघाले. सीटखालच्या सांध्यावर किंवा पेडलांच्या मधल्या नळीच्या तळाशी क्रमांक ठोकलेला असतो. तो वहीत उतरून घ्यावा. क्वचित नगरपालिकेचा सायकल-कर भरल्याचा जुना बिल्लाही सापडतो. तो गंजलेला म्हणून टाकून देणे हा करंटेपणा होय.

यानंतर खरा प्रश्न येतो : सायकल रंगवावी की रंगवू नये? पुष्कळ लोक हा प्रश्न स्वतःला विचारतच नाहीत. ते पहिल्याच दिवशी पॉलिश पेपर हाती घेतात. धूळ आणि जुने तेल यांच्याखाली कित्येकदा कारखान्याचा मूळ रंग, त्यावरील सोनेरी रेषा आणि अक्षरे शाबूत असतात. मऊ फडक्याला थोडे तेल लावून एका कोपऱ्यात हलक्या हाताने पुसून पाहावे. रेषा चमकू लागल्या, तर तेथे रंगाचा कुंचला लावू नये. नवा रंग केव्हाही देता येतो. खरवडलेला जुना रंग मात्र पुन्हा मिळत नाही. पोपडे सुटले असतील आणि गंज लोखंडात उतरला असेल, तरच रंग काढावा.

सायकल सुटी करताना प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढून ठेवावे आणि प्रत्येक भागाचे नट-वॉशर निराळ्या डब्यात घालावेत. पेडल काढताना नवखा माणूस हमखास फसतो. उजवे पेडल इतर स्क्रूंप्रमाणे सुटते. डावे मात्र घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरविले, तरच सुटते. पाय मारता मारता पेडल सैल होऊ नये, म्हणून त्याचे आटे मुद्दाम उलटे पाडलेले असतात. हे ठाऊक नसलेला मनुष्य जोर लावून ते अधिकच घट्ट करून बसतो! चाकांच्या तुंब्यांतील छर्रे पुढचे बारीक व मागचे जाड असतात, तेव्हा त्यांची सरमिसळ होऊ देऊ नये. इंग्रजी पद्धतीच्या सायकलीत पुढच्या चाकाला 32 आणि मागच्या चाकाला 40 तारा असतात, कारण स्वाराचे बहुतेक वजन मागच्या चाकावर पडते.

लोखंडाला हवेतील ऑक्सिजन आणि पाणी दोन्ही मिळाली, की गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. म्हणून तो रंगाला आतून उचलतो आणि पोपडे सुटतात. वरून रंग फासल्याने गंज थांबत नाही, तो झाकला जातो इतकेच. लहान नट-बोल्ट रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले, तर त्यांचा गंज सुटतो; पुढे ते धुऊन, कोरडे करून लगेच तेल लावावे लागते, नाहीतर दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तांबूस दिसतात. चकचकीत मुलाम्याच्या हँडलावर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ कागद ओला करून घासावा. अ‍ॅल्युमिनियम मुलाम्याहून मऊ असल्याने त्यावर ओरखडे पडत नाहीत.

फ्रेम घासताना एक काळजी अवश्य घ्यावी. जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो आणि शिशाची धूळ विषारी आहे, मुलांना तर विशेषच. घरगुती रंगांतील शिशावर आपल्या देशात कडक मर्यादा घालणारे नियम 2016 साली झाले. जिन्याखालच्या सायकलीचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. म्हणून फ्रेम कोरडी घासू नये. पाण्याचा पॉलिश पेपर ओला करून, नाकातोंडावर चांगला मास्क लावून मोठ्या माणसानेच हे काम करावे, आणि खाली पडलेला गाळ कागदात गोळा करावा, अंगणात वाहू देऊ नये.

रंगकामाला पावसाळा अगदी वाईट. दमट हवेत रंग वाळत नाही आणि त्याची चमक जाते. दसरा झाल्यावर, कोरड्या उन्हाचे दिवस लागले, म्हणजे फ्रेम दोरीने टांगावी. जेथे छर्रे आणि आटे बसतात त्या जागा कागदाने झाकाव्यात. आधी रेड ऑक्साइडचे अस्तर, ते वाळल्यावर हलकी घासणी आणि मग काळ्या एनॅमलचे पातळ हात द्यावेत. जाड हात दिला, तर रंग ओघळतो आणि आतून ओला राहतो. शेवटचा हात दिल्यावर फ्रेमला निदान दोन आठवडे कोणी बोट लावू नये. सारे काम झाल्यावर हे थांबणेच सर्वांत जड जाते.

सोनेरी रेषा ओढावयाच्या तर लांब केसांचा बारीक कुंचला लागतो. कुंचला रेटायचा नसतो, नुसता ओढायचा असतो. जुन्या पत्र्याच्या डब्यावर चार-आठ दिवस सराव केल्याखेरीज फ्रेमला हात घालू नये. एवढे करूनही रेषा किंचित वाकडी येतेच. कारखान्यातील कारागीरही ती हातानेच ओढीत.

जोडणी करताना जुने छर्रे नवे घालावेत, ग्रीस भरावे आणि ब्रेकचे रबर निश्चित बदलावे. सायकल कितीही देखणी झाली, तरी ती उतारावर थांबली पाहिजे. छर्रे दाबणारा कोन फार आवळला, तर चाक अडखळते. सैल ठेवला, तर ते डुगडुगते. नेमका कोन साधला की नाही, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. सायकल उचलून धरावी आणि पुढचे चाक हलकेच फिरवून सोडावे. बराच वेळ फिरून चाक मंदावते, पाळण्यासारखे थोडे मागेपुढे झुलते आणि त्याचा सर्वांत जड भाग, म्हणजे बहुधा हवा भरण्याचा व्हॉल्व्ह, तळाशी येऊन थांबतो.