चोविसातले आठ बिट कुणाचे?

रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद आणि निवासी भागातला आवाज ४५ डेसिबलच्या आत, असा २००० सालचा केंद्राचा नियम आहे. कुंडलिकेकाठच्या जुन्या जालन्यात तो तंतोतंत पाळला जातो असे धरू. (हसू नका, हिशेबापुरते धरू.) खिडक्या लावल्या, पंखा बंद केला आणि खोलीत ३० डेसिबलची शांतता मिळाली. आता २४ बिटचे गाणे १६ बिटपेक्षा वेगळे ऐकू येईल का?

डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये आवाजाची पातळी पुन्हा पुन्हा मोजून तिचा आकडा लिहिला जातो. सीडीत सेकंदाला ४४,१०० वेळा. प्रत्येक आकड्याला १६ बिट असतील तर ६५,५३६ पायऱ्या मिळतात, २४ असतील तर एक कोटी ६७ लाखांहून जास्त. जाहिरातवाल्यांचे फावते ते इथेच. पायऱ्या वाढल्या म्हणजे तंबोऱ्याची जवारी जास्त रेशमी होणार, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात बिट ठरवतात ते इतकेच: आकडा जवळच्या पायरीवर बसवताना होणाऱ्या चुकीचा गोंगाट किती खाली राहील. एक बिट वाढला की तो सुमारे ६ डेसिबलने उतरतो. म्हणून १६ बिटला ९६ डेसिबलचा पल्ला आणि २४ बिटला १४४ चा.

ही चूक सुरांना चिकटून कर्कश होऊ नये म्हणून बिट कमी करताना मुद्दाम किंचित गोंगाट मिसळतात. त्याला डिदर म्हणतात. मग उरते एकसारखी, मंद ‘सूं’. गंमत अशी की, शेवटच्या पायरीहून हळू असलेला सूरही त्या ‘सूं’मध्ये शाबूत राहतो.

आता आपली खोली. भजनातली पखवाजाची सर्वांत जोरकस थाप ९५ डेसिबलला ठेवली, म्हणजे शेजारी दार वाजवतील इतकी, तर १६ बिटची ‘सूं’ शून्य डेसिबलच्या आसपास येते. निरोगी तरुण कानाची सीमा साधारण तीच, आणि खोलीची ‘शांतता’ तिच्या ३० डेसिबल वर! २४ बिटचा अख्खा पल्ला वापरायचा तर थाप कान दुखण्याच्या पलीकडे न्यावी लागेल.

कानांची परीक्षाही झाली आहे. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी बॉस्टन परिसरात श्रोत्यांना उच्च दर्जाचे रेकॉर्डिंग कधी थेट, कधी सीडीच्या १६ बिटमधून गाळून ऐकवले. २००७ साली प्रसिद्ध झालेला निकाल: ५५४ पैकी २७६ उत्तरे बरोबर. नाणेफेकच म्हणायची. आवाज अतोनात वाढवून शांत जागा ऐकल्या, तेव्हा मात्र फरक कळला. २०१६ साली लंडनच्या जोशुआ रीस यांनी अशा १८ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. बरोबर उत्तरे ५२ टक्क्यांच्या जरा वर गेली, भरपूर सराव केलेल्यांची त्याहून बरीच जास्त. पण त्यात सेकंदाला किती वेळा मोजले याचा फरकही मिसळलेला होता.

आपण घरोघर ऐकलेल्या साध्या कॅसेटचा पल्ला जेमतेम ५०-६० डेसिबल, म्हणजे नऊ-दहा बिट. मिरजेचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. एलपी आली १९४८ साली. त्यांचा आवाज आपल्याकडे आहे तो लाखेच्या तबकड्यांतून, सात बिटही भरणार नाहीत अशा खरखरीतून. तरी माणसे ऐकतातच. आणि १६ बिटची फाइल २४ च्या पोत्यात ओतली म्हणून माल वाढत नाही. उरलेल्या जागेत नुसती शून्ये.

मग ते आठ बिट कुणाचे? रेकॉर्डिंग करणाऱ्याचे. जुन्या जालन्यात आनंदी स्वामींच्या यात्रेला, आषाढी एकादशीला, भजन टिपायला बसलेल्याला पुढची थाप केवढी येईल हे ठाऊक नसते. पातळी चढी ठेवली तर आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही. २४ बिटवर शिखरे २० डेसिबल खाली ठेवली तरी तीन-साडेतीन बिटच खर्ची पडतात. माइकचा स्वतःचा गोंगाट उरलेल्या बिटांच्या गोंगाटाहून कितीतरी वर असतो. पुढे आवाज वाढवणे, खरखर काढणे, दोन ट्रॅक एकत्र करणे, यांत प्रत्येक पायरीला आकड्यांची घासाघीस होते, तिलाही हीच मोकळीक पुरते. जुन्या तबकड्यांच्या जतनासाठी २४ बिट घेतात ते म्हणूनच. काम संपले की ऐकण्यासाठी १६ बिटची प्रत काढावी, डिदर चालू ठेवून.