डॉक्टर झाल्यावरची उमेदवारी

गेल्या दिवाळीतली गोष्ट. न्हावऱ्याच्या एस.टी. थांब्यावर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील भेटले. मुलगा भौतिकशास्त्रात पीएच.डी. झालेला. मी अभिनंदन केले, तर ते हिरमुसून म्हणाले, "सर, पोरगं डॉक्टर झालं खरं, पण म्हणतंय, अजून दोन वर्षं पुण्यात 'पोस्टडॉक' करायचंय. म्हणजे पास झालं का नापास?"

मी पडलो मराठीचा प्राध्यापक! मलाही चटकन उत्तर सुचेना. मग जाणकारांना विचारले. वाचकहो, अशा कोड्यात पडलेली घरे पुष्कळ असतील, म्हणून हे लिहीत आहे.

पूर्वी सनद मिळाल्यावरही तरुण वकील एखाद्या नामांकित वकिलाकडे उमेदवारी करीत असे. पोस्टडॉक ही शास्त्रज्ञाची तशीच उमेदवारी. दोन-तीन वर्षांची मुदत, दरमहा ठरावीक रक्कम, आणि नव्या प्रश्नाशी स्वतःच्या बळावर झुंजण्याची मुभा.

त्यातून काय निपजते? पुण्याचेच उदाहरण घ्या. १९८८ साली डॉ. जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने 'आयुका' स्थापन झाली. तेथे डॉ. संजीव धुरंधर गुरुत्वीय लहरींच्या शोधाचे गणित मांडीत होते. बी. एस. सत्यप्रकाश हे त्यांचे पोस्टडॉक सहकारी. दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली की अवकाशालाच कंप सुटतो. पण तो इथवर पोचेपर्यंत इतका क्षीण होतो, की चार किलोमीटरच्या अंतरात प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे हजाराव्या हिश्श्याएवढाच फरक पडतो. यंत्राची स्वतःची थरथर त्याहून मोठी! मग तो ओळखावा कसा?

जत्रेच्या गोंगाटात आई लेकराची हाक ओळखते, कारण ती तिच्या कानांत आधीच बसलेली असते. तसेच, लहर कशी असेल याचे नमुने गणिताने आधी तयार करायचे आणि आकड्यांच्या ढिगाशी एकेक ताडून पाहायचे. नमुने कसे निवडावेत, हे या दोघांनी १९९१ साली एका निबंधात मांडले. तेव्हा लहर पकडू शकणारे यंत्रही उभे नव्हते!

पुढे २४ वर्षांनी, १४ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेतल्या 'लायगो' यंत्रांनी सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरून आलेली हाक टिपली. ती खरीच आहे, हे पक्के करताना नमुने ताडण्याची हीच रीत कामी आली. तसेच यंत्र आपल्या हिंगोली जिल्ह्यात उभारायला केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली. त्याचे आकडे चाळायला अशीच मुले लागतील.

वाट मात्र काट्यांची आहे. मुदत संपली की पुन्हा अर्ज; कायमच्या जागा थोड्या. मुलगी सांगून आलेला पाहुणा पहिल्यांदा विचारतो, "नोकरी पर्मनंट का?" त्या मुलांची हुशारी आपण वाखाणतो, त्यांची ही घालमेल मात्र घरातही कुणी विचारीत नाही.

हे सारे त्या वडिलांना सांगितले. म्हटले, "पोरगा पासच आहे. फक्त त्याच्या पुढच्या पेपरची उत्तरं अजून कुणालाच ठाऊक नाहीत."

ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "आडसाली उसाला दीड वर्ष थांबतोच की आम्ही. आज फोन करून एवढंच विचारतो, जेवलास का?"