वाटाड्यांची परीक्षा

विमापत्रावरील बारीक अक्षरे शेवटपर्यंत वाचलेला मनुष्य आमच्या प्राध्यापक-कक्षात मला अद्याप भेटलेला नाही. मी स्वतःही त्यास अपवाद नाही. ग्राहकाला पुरेशी माहिती असते, असे गृहीत धरून आम्ही फळ्यावर मागणी-पुरवठ्याच्या रेषा काढतो. वैद्यकीय सेवेच्या बाबतीत ते गृहीत टिकत नाही, हे केनेथ ॲरो यांनी १९६३ सालीच दाखवून दिले होते.

अमेरिकेच्या २०१० सालच्या आरोग्यविमा कायद्याने ही उणीव ओळखून ‘नॅव्हिगेटर’ नावाच्या मदतनिसाची तरतूद केली. निरनिराळ्या योजनांतील फरक समजावून द्यावयाचा, सरकारी साहाय्य मिळेल की नाही ते पाहावयाचे, अर्ज भरण्यास मदत करावयाची. आणि विमा कंपनीकडून छदामही घ्यावयाचा नाही. दलाल आणि वाटाड्या यांतील भेद तो हाच.

अशा माणसाला शिक्षण हवे, याविषयी दुमत नसावे. लोकांच्या उत्पन्नाचा तपशील त्याच्यासमोर उघडा होतो. केंद्र सरकारने त्यासाठी सुमारे २० तासांचे शिक्षण ठरविले. १ ऑक्टोबर २०१३ रोजी नोंदणी सुरू झाली, तोवर अनेक राज्यांनी त्यावर आपापले परवाने आणि अटी चढविल्या होत्या. टेक्सासचे गव्हर्नर रिक पेरी यांनी आणखी ४० तासांची मागणी केली. बरीच टीका झाल्यावर जानेवारी २०१४ च्या नियमांत ते २० तास झाले. नोंदणीची मुदत ३१ मार्चला संपणार, आणि वाटाड्याने ऐन हंगामात पुन्हा वर्गात जाऊन बसावयाचे! ज्या राज्यातील जवळजवळ चौथा हिस्सा लोक विम्यावाचून होते, तेथील ही गोष्ट.

टेक्सासची बाजूही पाहिली पाहिजे. गरिबांसाठीची मेडिकेड योजना त्या राज्याने विस्तारली नाही. परिणामी दारिद्र्यरेषेच्या किंचित वर असलेल्यास विम्यासाठी साहाय्य मिळे, आणि तिच्या खालच्या बहुतेक प्रौढांना दोन्हीकडून नकार. हे तर्कट समोरच्या माणसाला समजावून सांगावयाचे, तर राज्याचे नियम ठाऊक असावेच लागतात. तासांवर माझा आक्षेप नाही. त्यांचा खर्च कोण सोसतो आणि शिकलेल्याला पुढे काय बोलू देतात, हे पाहिले पाहिजे.

मिसुरी राज्याने काय केले पाहा. परवाना सक्तीचा, परंतु परवाना घेतलेल्याने कोणत्याही योजनेचे लाभ, अटी वा वैशिष्ट्ये यांविषयी सल्ला द्यावयाचा नाही! शिवाय ज्याने आधी दलालामार्फत विमा घेतलेला असेल, त्याला पुन्हा दलालाकडेच जाण्यास सांगावयाचे. पोहण्याचा दाखला मागावयाचा आणि पाण्यात उतरण्यास मनाई करावयाची, त्यातलाच हा प्रकार. केंद्रीय न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये या कायद्यास स्थगिती दिली, आणि एप्रिल २०१५ मध्ये अपील न्यायालयाने या कलमांपुरती ती कायम ठेवली.

पुढे अनुदानालाच कात्री लागली. २०१६ साली या कामासाठी सुमारे ६ कोटी ३० लाख डॉलर मिळत. २०१८ साली १ कोटी. २०२४ पर्यंत ही रक्कम १० कोटींवर गेली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती पुन्हा १ कोटीवर आणण्याची घोषणा झाली. शिक्षणाचे तास किती असावेत, हा वाद घालण्यासाठी आता वाटाडेच थोडे उरले आहेत.