जुन्या फडताळाला नवा रंग : डबा उघडण्याआधीचं काम



मागे एका गटाच्या बैठकीत कर्जमागणीचा विषय चालू होता. एका ताईंना स्वयंपाकघरासाठी नवीन कपाट घ्यायचं होतं. घरातलं फडताळ सासूबाईंच्या काळातलं. रंगाचे पोपडे निघालेले, दारांवर तेलकट थर, एक दार लोंबकळलेलं. "ते आता गेलंच," त्या म्हणाल्या. बैठक संपल्यावर मी त्यांच्या घरी गेले आणि लाकूड ठोकून पाहिलं. चांगलं टणक. कुठे वाळवी नाही, कुजलेलं नाही. म्हणजे फडताळ गेलं नव्हतं, वरचा रंग गेला होता. आणि रंग तर आपण घरच्या घरी देऊ शकतो.

आता तुम्ही म्हणाल, ही समाजकार्य शिकलेली मुलगी आम्हाला रंगकाम काय शिकवणार? खरं आहे. मी हे चुकून शिकले. कॉलेजच्या सुट्टीत आईच्या फडताळाला मी दुकानातून आणलेला डबा उघडून सरळ रंग फासला. दोन दिवस सगळे कौतुक करत होते. महिन्याभरात तोच रंग नखाने ओढला तरी दुधावरच्या सायीसारखा निघायला लागला. मी दुकानदाराला बोल लावला, पण चूक माझीच होती. फोडणीची वाफ आणि चुलीची काजळी वर्षानुवर्षं लाकडावर बसत जाते. माझा रंग लाकडाला धरलाच नव्हता, तो त्या तेलावर बसला होता.

म्हणून पहिलं काम धुण्याचं. दारं काढून अंगणात आणा. कोणतं दार डावीकडचं, कोणतं उजवीकडचं, हे आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवा, नाही तर बसवताना गोंधळ होतो. कड्या, मुठी, बिजागऱ्या काढून एका डब्यात ठेवा. अर्ध्या बादली कोमट पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा घाला. सोड्याने हात सोलवटतात, तेव्हा हातमोजे घाला. फडकं पिळून घासा, लाकडावर पाणी ओतू नका, ते फुगतं. मग साध्या पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसा. शेवटी पांढरं फडकं फिरवून बघा. त्यावर पिवळट डाग आला तर अजून तेल आहे, परत धुवा. धुण्याआधी पॉलिश पेपर मारायचा नाही, त्याने तेल लाकडात आणखी मुरतं.

यापुढचं जरा लक्ष देऊन वाचा, कारण हे मलाही उशिरा कळलं.

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. रंग उठावदार दिसावा, लवकर वाळावा म्हणून ते घालत असत. पिवळ्या, लाल, हिरव्या रंगांत जास्त. आपली जुनी फडताळं नेमकी याच रंगांची असतात! केंद्र सरकारने 2016 मध्ये नियम केला आणि नोव्हेंबर 2017 पासून तो लागू झाला : घरगुती रंगात दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त शिसं नको. त्याआधीच्या रंगात किती आहे, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. तेव्हा जुना रंग म्हणजे त्यात शिसं आहे असंच धरून चाला.

भिंतीवर किंवा दारावर घट्ट बसलेला रंग फारसा त्रास देत नाही. त्रास होतो तो त्याच्या धुळीचा. कोरडा पॉलिश पेपर मारला की ती धूळ अंगणभर उडते, भांड्यांवर बसते, रांगणाऱ्या बाळाच्या हाताला लागते आणि तोंडात जाते. लहान मुलाच्या शरीरात शिसं मोठ्या माणसापेक्षा चार-पाच पट जास्त शोषलं जातं. त्याचा परिणाम मेंदूच्या वाढीवर होतो. मूल वरून धडधाकट दिसतं, पण शिकण्यात मागे पडतं आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. गरोदर बाईच्या रक्तातून ते पोटातल्या बाळाकडेही जातं. म्हणून गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या ताईंनी हे खरवडण्याचं काम करूच नये, दुसऱ्या कुणावर सोपवावं.

करायचं कसं? ओलं करून. दुकानात 'वॉटर पेपर' मागा, 150 किंवा 180 नंबरचा. फडक्याने पृष्ठभाग ओलसर करायचा आणि हलक्या हाताने घासायचं. जुना रंग पूर्ण काढायची गरज नाही. चकाकी गेली, हाताला खरखरीत लागलं, की बास. जे पोपडे सुटलेत तेवढेच ओले करून पत्र्याने काढा. खाली जुनी साडी किंवा प्लॅस्टिक अंथरा. तोंडाला साधा रुमाल पुरत नाही, एन-95 मास्क लावा. मुलं, कोंबड्या, शेळ्या लांब ठेवा. निघालेला चोथा आणि फडकी पिशवीत बांधून घंटागाडीत द्या. परसबागेत किंवा उकिरड्यावर टाकलंत तर तेच उद्या भाजीत येईल. आणि एक विसरू नका : रंगवलेली जुनी फळी चुलीत घालू नका. धुरातून शिसं थेट घरात पसरतं.

एवढं झालं की एक दिवस कडक ऊन द्या. बाकीचं सोपं आहे. बिजागरीचं भोक सैल झालं असेल तर त्यात फेविकॉल लावून काडेपेटीच्या दोन-तीन काड्या ठोका, स्क्रू घट्ट बसतो. खड्डे लांबीने भरा. लाकूड उघडं पडलंय तिथे वुड प्रायमर, लोखंडी कपाट असेल तर गंज घासून रेड ऑक्साइड. मग ऑइलपेंटचे दोन पातळ हात, मधे एक रात्र. जाड हात दिला की ओघळ येतात. टर्पेंटाइन डब्यावर लिहिलंय तेवढंच घाला आणि जवळ चूल, गॅस, विडी काही नको.

रंग किती लागेल? एक लिटर एका हाताला साधारण शंभर चौरस फूट जातो. दीड बाय चार फुटांची दोन दारं, दोन्ही बाजूंनी, म्हणजे 24 फूट. चौकट धरून 30. दोन हात म्हणजे 60. अर्धा लिटर कमी पडेल, एक लिटर उरेल. गटातल्या शेजारणीचं फडताळ असेल तर मिळून घ्या. डबा घेताना शिशाचं प्रमाण 90 च्या आत असल्याचं त्यावर छापलंय का, ते बघा. आतल्या फळ्यांना मात्र रंग देऊ नका, तिथे आपण भाकरी, पीठ ठेवतो. त्या नुसत्या धुवा.

त्या ताईंनी नवीन कपाटाची मागणी मागे घेतली आणि फडताळ दिवाळीआधी रंगवलं. आठवडाभर मोकळं ठेवा असं मी सांगितलं होतं, पण त्यांनी तिसऱ्याच दिवशी डबे मांडून दारं लावली. त्यामुळे डावीकडचं दार उघडताना अजून जरा चिकटतं. त्या म्हणतात, बरं झालं, नातवाला ते उघडता येत नाही.