हवेचा दाब आणि दातांची लॅब : स्वस्त यंत्र निवडताना



हवेला दाब असतो हे आपण मुलांना शिकवतो. पाण्याने काठोकाठ भरलेल्या ग्लासावर पुठ्ठा ठेवायचा, ग्लास उलटा करायचा, पुठ्ठा पडत नाही, मुले टाळ्या वाजवतात आणि तास संपतो. या वर्षी मात्र तास संपूनही विषय संपला नाही. दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थ्याचे वडील शाळेत आले. ते दातांच्या लॅबमध्ये बरीच वर्षे कामाला आहेत. आता चाकणमध्येच एका खोलीत स्वतःची छोटी लॅब काढायची आहे, घरच्यांनी बचत गटातून कर्ज उचललंय. म्हणाले, "मॅडम, पोरगा सांगत होता तुम्ही हवेचा दाब शिकवला. मला सांगा, व्हॅक्यूमचं मशीन घेऊ का प्रेशरचं? विकणारा म्हणतो दोन्ही सारखीच."

मला दातांतलं काही कळत नव्हतं. पण प्रश्न हवेचा होता, म्हणून वही काढली.

आधी हे यंत्र करते काय ते बघू. पेशंटच्या दातांचा प्लास्टरचा साचा असतो. प्लास्टिकची पातळ शीट तापवतात. ती मऊ होऊन झोळीसारखी खाली लोंबली की साच्यावर बसवतात. थंड झाल्यावर कापून घेतली की दातांवर नेमकी बसणारी टोपी तयार. तारा काढल्यावर दात पुन्हा सरकू नयेत म्हणून देतात तो पारदर्शक रिटेनर, झोपेत दात खाणाऱ्यांसाठीचा गार्ड, खेळाडूंचा माउथगार्ड, सगळे असेच बनतात. पारदर्शक रिटेनरची ही पद्धत अमेरिकेतल्या रॉबर्ट पोनिट्झ यांनी १९७१ साली मांडली.

आपल्या भागातल्या पालकांना हे काम अनोळखी नाही. कंपन्यांत गाड्यांचे सुटे भाग ठेवायला खाचांचे प्लास्टिकचे ट्रे येतात ना, तेही तापवलेली शीट साच्यावर ओढूनच करतात.

आता फरक. व्हॅक्यूमच्या यंत्रात साच्याखालची हवा मोटर ओढून घेते आणि वरची बाहेरची हवा शीटला खाली दाबते. म्हणजे दाबणारी आपली वर्गातलीच हवा! तिचा दाब दर चौरस सेंटीमीटरला साधारण १ किलो. मोटर कितीही भारी आणा, यापेक्षा जास्त मिळणारच नाही, कारण वर तेवढीच हवा आहे. आणि स्वस्त यंत्रातली मोटर खालची सगळी हवा ओढू शकत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी मिळते. प्रेशरच्या यंत्रात शीटच्या वर बंद झाकण असते आणि त्यात कॉम्प्रेसरची हवा सोडतात, साधारण ३ ते ६ बार. १ बार म्हणजे जवळजवळ आपल्या वातावरणाएवढा दाब. कारच्या टायरमध्ये सव्वादोन बारच्या आसपास असते, त्यावरून अंदाज घ्या.

म्हणजे "दोन्ही सारखीच" हे खरे नाही. पण प्रेशरचे यंत्र सगळ्यांनी घ्यावे असेही नाही. दात पांढरे करायच्या औषधाचे मऊ ट्रे किंवा माप घ्यायचे ट्रे एवढेच काम असेल तर व्हॅक्यूमवर भागते. रिटेनर दातांच्या कडांना घट्ट धरायला हवा असेल, जाड गार्ड करायचा असेल, किंवा माउथगार्डसाठी दोन थर एकमेकांवर चिकटवायचे असतील, तर दाब लागतो. (कबड्डी खेळणाऱ्या मुलांच्या पालकांनी हे लक्षात ठेवावे. गरम पाण्यात घालून चावायचा तयार गार्ड आणि मापाने केलेला गार्ड यांत बसण्याचा फरक असतो.) मी त्यांना म्हटलं, दादा, आधी कुठले डॉक्टर कुठले काम देणार ते लिहून काढा, मग मशीन. त्यांच्या यादीत निम्म्याहून जास्त रिटेनर निघाले.

मग पैशांचा प्रश्न. जर्मनीच्या बायोस्टारसारखे ६ बारचे यंत्र लाखांत जाते. त्यांच्या मेव्हण्यांनी सुचवले, आपल्याकडे गल्लोगल्ली फॅब्रिकेशनची दुकाने, झाकण आणि डबा वेल्डिंग करून घेऊ. इथे मी वर्तुळाचे क्षेत्रफळ काढले. व्यास १२ सेंमी, त्रिज्या ६, क्षेत्रफळ साधारण ११३ चौ. सेंमी. ४ बार दाब म्हणजे झाकण उचलायला बघणारा जोर साधारण साडेचारशे किलो. चार मोटारसायकलींचे वजन, आणि माणसाचा चेहरा अगदी समोर! आकडा बघून ते गप्पच झाले. झाकण आणि त्याचे लॉक यात काटकसर नाही. दाब असताना झाकण उघडूच नये आणि जास्तीचा दाब आपोआप सुटावा, ही सोय नसेल तर ते यंत्र फुकटही नको.

काटकसर कॉम्प्रेसरमध्ये होते. झाकणाखालची जागा समजा अर्धा लिटर. ४ बारला भरायला बाहेरची साधारण २ लिटर हवा लागते. २४ लिटरची टाकी ८ वरून ६ बारवर उतरली तरी ४८ लिटर हवा देते. म्हणजे छोटा कॉम्प्रेसर पुरतो, मोठा घ्यायची गरज नाही. फक्त हवा झटकन आली पाहिजे, कारण शीट काही सेकंदांत गार व्हायला लागते. म्हणून नळी बारीक नको. आणि पाणी अडवणारा फिल्टर हवाच. कंपनीत न्यूमॅटिक लाइनवर काम करणाऱ्या पालकांना हे सांगायलाच नको.

दुसरा छुपा खर्च शीटचा. काही यंत्रांना १२५ मिमीची गोल शीट लागते, काहींना १२० मिमीची, स्वस्त व्हॅक्यूमवाल्यांना बहुधा १२७ मिमीची चौकोनी. यंत्र एकदा घ्यायचे, शीट रोज. ज्या मापाची शीट पुण्यात दोन-तीन दुकानांत मिळते तेच यंत्र बरे. ऑनलाइन मागवताना ते २३० व्होल्टचे आहे ना तेही बघावे, काही ११० व्होल्टची निघतात.

शेवटी त्यांनी एक जुने, ४ बारचे यंत्र बघायला जायचे ठरवले. मी दोन परीक्षा लिहून दिल्या. पहिली, दाब भरून हवेचा कॉक बंद करायचा आणि शीट गार व्हायला लागतो तेवढा वेळ काटा बघत बसायचे. काटा उतरला तर रबरी सील गेलेय. दुसरी आमच्या वर्गातल्या मुलांनी सुचवली. साच्याच्या जागी एक रुपयाचे नाणे ठेवून पातळ शीट दाबायची.

सोमवारी त्यांच्या मुलाने दोन तुकडे वर्गात आणले. एक त्यांच्या सध्याच्या लॅबमधल्या व्हॅक्यूमवरचा, नाण्याचा गोल आकार तेवढा उमटलेला, कडा गुळगुळीत. दुसऱ्यावर १ चा आकडा आणि कडेची रेघ बोटाला लागत होती. काटा मात्र थोडा उतरला होता, म्हणून सील बदलून द्या, मगच पैसे, असे ते सांगून आलेत.